हार्टाची उजवी बाजू

निकेत मागे मागे चालत आला आणि वर्षालीवर आदळला.

यात आपली काहीच चूक नव्हती, असं तो आजही म्हणतो. लग्नातला व्हिडिओवाला मागे मागेच चालतो. नवरी मांडवाकडे येत असते, हा तिच्याकडे तोंड आणि जगाकडे पाठ करून सरकत असतो, आणि जगात जे काही उभं असेल त्यावर जाऊन आपटतो. त्या दिवशी, मालवणात अक्षयाच्या लग्नात, जगात वर्षाली उभी होती. अक्षया तिची मामेबहीण. वर्षालीच्या हातात पाण्यानं भरलेली कळशी होती. त्यातलं अर्धं पाणी निकेतच्या पाठीवर गेलं, अर्धं तिच्या साडीवर.

"डोळे खंय आसत रे?"

"फुडे," कॅमेरा तसूभर न हलवता तो म्हणाला. "आज भाड्यान दिलंय. नवऱ्याकडच्यांनी घेतल्यानी."

"आणि मागे?"

"मागचा तुमी बघा ना वायच..."

भिजलेल्या शर्टानं तो तसाच मागे मागे निघून गेला. आणि ती खरंच बघत राहिली. गोष्ट तिथेच सुरू झाली होती, पण हे कळायला तीन सीड्या लागल्या.

हे २००४ साल. तेव्हा लग्न तीन सीड्यांत मावायचं. पहिलीत हळद, दुसरीत अक्षता, तिसरीत जेवण. पहिली बायका बघत. दुसरी कोणी बघत नसे, कारण लग्न लागलं हे सगळ्यांना माहीतच असे. तिसरीची मात्र पारायणं व्हायची. आपण जेवताना दिसतो का, कोणी वडे किती वेळा मागून घेतले, कोण रुसून कोपऱ्यात बसलंय, ही सगळी माहिती तिसरीत. सीडी अडकली की बाहेर काढून बनियनला पुसायची. तरी अडकली तर टूथपेस्ट लावायची. त्यानंतरही अडकली तर खाऱ्या वाऱ्याला दोष द्यायचा आणि टीव्हीला एक चापट मारायची. आता, सहा वर्षांत, ते प्लेअर माळ्यावर गेले आणि त्या सीड्या माकडं पळवायला काजूच्या बागांत टांगल्या गेल्या. वारा आला की कोणाची तरी अक्षता दुपारभर चमकत राहते. माकडं घाबरत नाहीत म्हणे. तोंडं बघून घेतात.

तर, सीडी म्हटली की इफेक्ट आले. इफेक्ट नसलेली सीडी म्हणजे व्हिडिओवाला कामचुकार. नवरा-नवरी कमळातून उगवत. पुस्तकाच्या पानासारखी उलटत. बर्फाच्या डोंगरावर शालूत उभी राहत, आणि त्यांना थंडी वाजत नसे. पण सगळ्यांत मानाचा इफेक्ट हार्ट. लालभडक, थरथरणारा, मधोमध दोन भाग केलेला. डावीकडे ती, उजवीकडे तो. त्यात नवरा-नवरी सोडून दुसऱ्या कोणी शिरायचं नाही, हे कोणी कोणाला सांगत नसे. सगळ्यांना कळत असे.

अक्षयाच्या तिसऱ्या सीडीत, पंगतीत सोलकढी वाढली जात असताना, हार्ट आला. डावीकडे वर्षाली, कपाळाला ओले केस चिकटलेले, काखेत कळशी, हसत. उजवीकडे नवऱ्याचा चुलतभाऊ नितेश, वडा चावत.

नितेश दोडामार्गचा. घरची रबराची बाग, आणि रोज मोटरसायकलवरून गोव्याला कंपनीत. त्याच्या आईनं ते दृश्य पाहिलं आणि यजमानांना म्हणाली, "चेडवाकडच्यांनी मुद्दाम घालून घेतल्यानी हां. तोंडान बोलूक लाज वाटली आसतली."

इकडे मालवणात वर्षालीची आई सत्यवती, जिच्यासमोर मासळी बाजारात कोणी भाव पाडून मागायची हिंमत करत नसे, ती नवऱ्याला म्हणाली, "झिलाकडच्यांनी घालून घेतल्यानी. बरी माणसां हां. आडून इचारतत."

मुलाकडचे मुलीकडच्यांच्या आणि मुलीकडचे मुलाकडच्यांच्या सभ्यतेवर खूष झाले. निरोप गेले, निरोप आले. रविवारी दोडामार्गची माणसं मुलगी बघायला येणार, असं ठरलं. तसं बघायचं काही उरलं नव्हतं. सीडीत बघून झालंच होतं.

व्हिडिओवाल्याला कोणी काहीच विचारलं नाही. विचारलं ते वर्षालीनं.

"माका ह्या सीडीतून भायर काढा."

निकेतचं दुकान बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या अलीकडे. आत एक कॉम्प्युटर, एक पंखा, आणि भिंतीवर समुद्रात मावळणाऱ्या सूर्याचा पडदा. खरा समुद्र पडद्यामागे पाच मिनिटांवर. पण फोटोला लोकांना पडद्यावरचाच आवडे.

"बसा," तो म्हणाला.

"बसूक नाय इलंय. हार्ट घालूक तुमका कोणी सांगलेला?"

"कोणी नाय..."

"मगे पडलो कसो?"

"ता... कॉम्प्युटरान काय ता केल्यान."

हे त्यानं बोलायला नको होतं. वर्षाली बी.कॉम. होऊन गावातल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवत होती.

"कॉम्प्युटर आपणहून काय करणा नाय," ती म्हणाली. "ह्या मी रोज पोरांका शिकवतंय. तेका जा सांगतत, ताच तो करता. तर तुमी काय सांगलात?"

निकेतनं पंखा एक नंबरनं वाढवला. मग परत कमी केला. उठला, पडद्यावरचा सूर्य सरळ केला. तो आधीच सरळ होता.

"मी तिसरी सीडी नवीन करून देतंय," तो म्हणाला. "हार्ट काढून. जुन्यो परत घेवया. खराब निघाल्यो म्हणून सांगूचा."

"दोडामार्गची कशी घेतलात?"

"ती रवांदे. पयली मसुऱ्याची घेवया."

मसुऱ्याची सीडी सगळ्यांत घातक होती. ती सुभद्रा आत्याकडे, म्हणजे वर्षालीच्या बापाच्या थोरल्या बहिणीकडे होती, आणि ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होती. मसुऱ्यात आता बहुतेकांचं असं मत होतं की वर्षालीचं लग्न होऊन गेलेलं आहे आणि आपल्याला बोलावलं नाही.

दोघं एसटीनं गेली. एकत्र नव्हे. ती तिसऱ्या बाकावर, तो पाचव्यावर, कारण मालवणच्या स्टँडवर ओळखीच्या नसलेल्या माणसालाही तुमचं घर माहीत असतं. मधल्या चौथ्या बाकावर बसलेल्या बाईच्या टोपलीतल्या कोंबडीनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. तेवढाच काय तो दुवा.

आत्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, माडाच्या झावळ्या विणत होती. निकेतनं नवी सीडी पुढे केली, जुनी खराब आहे म्हणाला. आत्या हसली. "खराब खंय? वायच बसा, दाखवतंय."

टीव्ही लागला. तिसरी सीडी गोल गोल फिरली, घरघरली, आणि पंगत दिसू लागली. पंगतीत सुभद्रा आत्याचे यजमान, महादूमामा, मांडी घालून बसलेले. कॅमेरा त्यांच्यावर गेला, तसं त्यांनी रिकामी वाटी वर करून लेन्सकडेच रागानं बघितलं आणि म्हणाले, "आधी वाढ, मगे काढ!" पंगत हसली. लगेच चित्र अडकलं, थरथरलं, चौकोन चौकोन झालं, आणि महादूमामांनी पुन्हा वाटी वर केली. "आधी वाढ, मगे काढ!"

लग्नानंतर महिन्याभरात महादूमामा गेले होते. समाचाराला येणाऱ्या प्रत्येक बाईला आत्या हे दाखवत होती. पुढे हार्ट येई. बाया तो बघत. आत्या तोवर सीडी मागे नेण्याच्या खटपटीत असे.

"नव्या सीडीत हे आसत?" तिनं विचारलं.

"आसत गो आत्या," वर्षाली म्हणाली.

"बोलतत?"

"बोलतत," निकेत म्हणाला. "साफ. न अडकता."

आत्यानं थोडा विचार केला. "मगे नको बाबा. हीच बरी. हीत ते दोन फेरा बोलतत."

आत्यानं आमसुलाचं सरबत दिलं, ते पिऊन नवी सीडी पिशवीत घालून दोघं परत निघाली. दहा वर्षं निकेत लग्नं काढत होता, आणि आपण काढतो ते कोणी असं बघत असेल, हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

परतीच्या एसटीत जागा नव्हती. दोघं उभी राहिली, एकाच दांड्याला धरून. गर्दीत उभं राहण्याला मालवणात कोणी काही म्हणत नाही.

"एक इचारू?" वर्षाली खिडकीकडे बघत म्हणाली.

"इचारा."

"हार्टात उजवीकडे कोणाक घालूचो होतो? खरा सांगा. नितेशाक?"

"नितेशाक कित्याक घालीन? तो वडो खाय होतो."

"मगे?"

गाडी वळली. तो दांड्यावर सरकला... तीही.

"कोणाक नाय," तो म्हणाला. "म्हणजे... काळी ठेवलेली. बाजू. त्या जागेर घालूक शूटिंगच नव्हता. मी असोच, दुपारचो, काम नव्हता म्हणून खेळत होतंय. तुमका डावीकडे लावून बघलंय, बरा दिसला. उजवी बाजू रिकामी. मगे जेवचो टाइम झालो, नि मी तसाच सोडून गेलंय. परत इलंय तर विसरलंय काढूक. आणि कॉम्प्युटराक रिकामी जागा आवडणा नाय. तेणा फुडची क्लिप ओढून घेतल्यान."

"कोणाचा शूटिंग नव्हता?"

निकेतनं दांड्यावरचा हात बदलला.

"ओ. कोणाचा?"

"अगो, मी खंय दिसतंय लग्नात?" तो एकदम म्हणाला. "दहा वर्सां झाली, एका सीडीत नाय मी. सगळ्यांच्या लग्नाक होतंय आणि खंयच नाय."

'ओ'चं 'अगो' झालं, 'तुमी'चं काय झालं ते अजून ठरलं नव्हतं. वर्षालीनं दांड्यावरचा हात काढला नाही. तिनं बाहेर बघितलं. बाहेर काजूची झाडं, चिऱ्याची कुंपणं, एक म्हैस. यांतल्या कशानंही तिला मदत केली नाही.

"मगे ह्या रविवारी येऊन सांग," ती म्हणाली.

"काय?"

"जा आता सांगलंस ता. कोणी घालूक सांगलेला नाय, चुकान पडलो, नि थंय कोणाक घालूचो होतो. सगळ्यांच्या समोर."

"येडा काय गो तू? सीझन आसा. तुझी आवस बाजारात बोलतली, दोडामार्गची थंयसून बोलतली... मे महिन्याची सगळी लग्नां जातली माझी."

"मगे सीझनाशीच लगीन कर," वर्षाली म्हणाली, आणि मालवण यायच्या आधीच्या थांब्यावर, जिथे तिचं काही काम नव्हतं, तिथे उतरून गेली.

पुढचे दिवस वाईट गेले. निकेतच्या हातून एका मुंजीत नुसते पाय आले. एका लग्नात अंतरपाट खाली झाला तेव्हा तो लेन्स पुसत होता. वर्षालीनं क्लासात पोरांना सेव्ह करायला शिकवलं आणि स्वतःचंच काम सेव्ह न करता कॉम्प्युटर बंद केला. घरात बसवेना म्हणून ती जेट्टीवर जाई, जेट्टीवर उभं राहवेना म्हणून परत येई. आई म्हणाली, "काय गो, पायांक भिंगरी लागली? लगीन ठरता तेव्हा असाच होता." ठरताना असं होतं, हे बरोबर होतं. कोणाशी ठरताना, एवढंच आईला माहीत नव्हतं.

नितेश वाईट नव्हता, हीच अडचण होती. त्याच्याविरुद्ध एकच मुद्दा होता आणि तो त्याच्यात नव्हताच.

रविवार आला. दोडामार्गची माणसं जीपनं आली. नितेश, त्याची आई, त्याचे वडील. वर्षालीचा बाप, दाजी, त्या दिवशी होडी न काढता इस्त्रीचा सदरा घालून बसला होता आणि सदऱ्यात त्याचं अंग मावत होतं पण मन मावत नव्हतं. ताटलीत खाजं होतं, चहा होता. वर्षालीनं ताटली फिरवली आणि मग बाकावर बसली, ती दाराकडे तोंड करून.

"त्या हार्टान बाकी जमवल्यान हां," नितेशची आई म्हणाली. "तुमी घालून घेतलास, आमका बरा वाटला."

"आमी?" सत्यवती हसली. "आमी खंय? तुमीच घातलास."

"आमी नाय बाई."

"आमी पण नाय."

दोघी हसता हसता थांबल्या. तेवढ्यात दारात निकेत उभा राहिला.

त्याच्या खांद्यावर कॅमेरा नव्हता. त्यामुळे हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. त्यानं ते एकदा खिशात घातले, एकदा मागे धरले, एकदा चौकटीला टेकवले. "व्हिडिओवालो इलो," कोणीतरी म्हणालं, कारण शूटिंगला आला असंच सगळ्यांना वाटलं.

"शूटिंग नाय," तो म्हणाला. "माका सांगूचा आसा. तो हार्ट कोणी घालूक सांगलेला नाय. दोघांनीय. ती माझी चूक."

"चूक म्हणजे?" नितेशचे वडील म्हणाले.

"नितेशदादा चुकान पडले. ती जागा रिकामी होती."

"रिकामी कित्याक?" सत्यवतीनं विचारलं. तिचा आवाज बाजारातला झाला होता.

बाहेर कुठेतरी बर्फाची गाडी पाणी गाळत गेली.

"ती मी माझ्यासाठी ठेवलेली. पण माझा शूटिंग नव्हता."

नितेशनं खाज्याचा तुकडा तोंडात टाकला होता, तो त्याला ना चावता येई ना काढता. शेवटी तो चावत म्हणाला, "आये, माका तर कोणी इचारल्यानच नाय. मी वडो खाय होतंय."

"तू गप," आई म्हणाली. तिनं कप खाली ठेवला आणि निकेतला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग वर्षालीला. "चूक समजली. माणसाच्या हातान होता. माझो झिल थंय खाय होतो, ता माकाय दिसलेला. आमी ता सोडून दिलाव. पण माका एक सांग गो बाय. त्या हार्टात तू हसतंस. ता कोणाक?"

सगळ्यांनी वर्षालीकडे बघितलं.

उत्तर सोपं होतं. कॅमेऱ्याक. कॅमेरा समोर आला की मुली हसतात, त्यात काय! एवढं एक म्हटलं असतं तर निकेतची चूक तेवढी उरली असती, त्याला चार शब्द ऐकवून चहा पाजून लावलं असतं, आणि बोलणी जिथे अडली तिथून पुढे गेली असती. आई डोळ्यांनी तेच सांगत होती. दाजी जमिनीकडे बघत होता. निकेत दाराबाहेरच्या माडाकडे.

वर्षालीला ती क्लिप आठवली. घरी, आत्याकडे, किती वेळा पाहिली होती! साडी भिजलेली, केस विस्कटलेले, आणि पडद्यातून थेट बघणारी ती स्वतः. तालुक्यातल्या प्रत्येक घरात ती त्याच्याकडे बघून हसली होती. सगळ्यांनी बघितलं, आणि प्रत्येकाला वाटलं, आपल्याकडेच बघतेय.

"कॅमेऱ्याच्या मागे जो होतो," ती म्हणाली, "तेका."

आवाज फार मोठा नव्हता, पण एवढ्या शांततेत पुरला.

सत्यवतीनं तोंड उघडलं. तिच्या आधी नितेशची आई बोलली. ती हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. काजूचा गर अख्खा निघाला की बायका बघतात तशी बघत होती.

"मगे चूक अर्धीच आसा," ती म्हणाली. "डावी बाजू बरोबर होती." आणि नवऱ्याकडे वळून, "चला. जीपवालो थांबलो आसा. नितेशा, ता खाजा हातात घे."

जीप गेली. धूळ खाली बसली. सत्यवती ताटलीकडे बघत राहिली. जेट्टीवर एखादी सुरमई हातातून सुटून पाण्यात गेल्यावर बघावं तसं. मग दाजी पहिल्यांदा बोलला. दारातल्या माणसाला म्हणाला, "उभो कित्याक रे? भितर ये, बस."

बसायला एकच बाक होता. वर्षाली थोडी सरकली. निकेत बसला. पण त्याचा एक पाय हलतच राहिला, आणि हात पुन्हा कुठे ठेवायचे ते शोधू लागले.

"हलू नको," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आता सगळे तुकाच बघतत."

"तू?"

"मी कधीची बघतंय रे..."